बोर्डावरचा रेट आणि हातात पडणारे पैसे

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत आपल्या सभागृहात मी केलेलं हे भाषण. स्मरणिका समितीने लिहून मागितलं, म्हणून टिपणांवरून पुन्हा मांडलं आहे. बोलण्याच्या ओघात आलेलं बरंचसं तसंच राहू दिलं आहे.)

अध्यक्ष महाशय, कार्यकारिणीचे सभासद आणि पंखा कुठे आहे ते बघून जागा धरलेल्या माझ्या सर्व शेजाऱ्यांनो, नमस्कार.

नोटीस बोर्डावर ‘परकीय चलनावर व्याख्यान’ असं लागल्यावर मला लिफ्टमध्ये तिघांनी विचारलं, डॉलर वर जाणार की खाली? त्याचं उत्तर शेवटी देतो, म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत बसाल. पण आजचा विषय तो नाही. आजचा विषय त्याहून साधा आहे आणि माझ्या मते जास्त कामाचा आहे. परदेशी जाताना आपण रुपये देऊन डॉलर, युरो, दिऱ्हाम घेतो, तेव्हा त्या व्यवहारात आपले किती पैसे जातात, कुठे जातात आणि त्यातले किती वाचवता येतात?

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा परदेशी जाऊन आलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी होती. आज एकही मजला असा नाही की जिथलं कोणी बाहेर नाही. कुणाची मुलगी जर्मनीत शिकते, कुणी नातवासाठी न्यू जर्सीला सहा सहा महिने जाऊन राहतं, आणि युरोपची ग्रुप टूर तर आता वर्षाआड निघते. मी बँकेच्या परकीय चलन विभागात नोकरीची बहुतेक वर्षं काढली. सुरुवातीच्या काळात परदेशी जाणाऱ्याची अडचण होती ती डॉलर मिळवण्याची. खिशात ८ डॉलर घेऊन शिकायला गेलेल्या मुलांच्या गोष्टी त्या पिढीतल्या लोकांनी ऐकल्या आहेत. परकीय चलन म्हणजे रेशनवरची साखर होती. १९९१ नंतर चित्र बदलत गेलं, २००० साली फेरा जाऊन फेमा आला, २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने सामान्य माणसाला वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवायची मोकळीक दिली आणि ती मर्यादा आता अडीच लाख डॉलरची आहे. म्हणजे डॉलर मिळणं हा प्रश्नच उरला नाही. कितीला मिळतो, एवढाच प्रश्न उरला. आणि तो प्रश्न आपण विचारतच नाही. टूरच्या पैशात पाच हजारांची सूट मिळावी म्हणून तीन कंपन्यांचे उंबरठे झिजवतो, आणि डॉलर घेताना विमानतळावर बारा हजार सोडून येतो. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला बारा हजार म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता मुळापासून बघू. ही गोष्ट नवी नाही बरं का. पेशवाईत चांदवडी, अंकुशी, हाली सिक्का असे नाना तऱ्हेचे रुपये चालायचे. एक देऊन दुसरा घ्यायचा तर सराफ बट्टा कापून घ्यायचा. आपण ‘नावाला बट्टा लागला’ म्हणतो तो हाच बट्टा. पुढे वर्तमानपत्रांत विनिमयाला ‘हुंडणावळ’ म्हणायचे. शब्द बदलले, सराफाची जागा काचेच्या काउंटरने घेतली, पण बट्टा आहे तिथेच आहे. फरक इतकाच की पूर्वी तो ‘बट्टा’ म्हणून वेगळा सांगायचे, आता तो रेटच्या पोटात घातलेला असतो.

मनी चेंजरच्या बोर्डावर दोन रकाने असतात. ‘वी बाय’ आणि ‘वी सेल’. हे दुकानदाराच्या बाजूने लिहिलेलं असतं. तो विकतो तो भाव आपल्याला घेताना लागतो, आणि तो घेतो तो आपल्याला उरलेलं परत देताना. (१९९३ पर्यंत आम्ही बँकेत भाव उलटा लिहायचो, शंभर रुपयांना किती डॉलर असा. त्यामुळे ‘घेताना जास्त, विकताना कमी’ असा उफराटा मंत्र नव्या क्लार्कला घोकावा लागायचा. ते सुटलं ते बरं झालं.)

हिशोबाला सोपं पडावं म्हणून समजा की आज बाजारात डॉलरचा भाव ८५ रुपये आहे. बाजारात म्हणजे बँका आपापसात ज्या भावाने मोठे व्यवहार करतात तिथे. याला आपण मधला भाव म्हणू. टीव्हीवर दिसतो तो हाच. शहरातला एखादा चांगला मनी चेंजर तुम्हाला डॉलरची नोट ८५ रुपये ७० पैशांना देईल. एखादी बँक ८७ ला देईल. विमानतळावरच्या काउंटरवर ९२ लिहिलेलं असलं तरी मला आश्चर्य वाटणार नाही, आणि तोच काउंटर तुमच्याकडून परत घेताना ७८ देईल. आता १,००० डॉलर घ्या. पहिल्याकडे ८५,७००. दुसऱ्याकडे ८७,०००. तिसऱ्याकडे ९२,०००. पहिल्या आणि तिसऱ्यात ६,३०० रुपयांचा फरक. नवरा-बायकोने मिळून २,००० डॉलर घेतले तर १२,६००. मघाशी मी बारा हजार म्हणालो ते हेच. आणि व्हिसा नाकारला म्हणून किंवा गुडघा दुखावला म्हणून प्रवास रद्द झाला आणि ते १,००० डॉलर त्याच काउंटरवर परत दिले, तर ९२,००० चे ७८,००० झाले. विमानात न बसता १४,००० गेले.

आणि या सगळ्यात वरती मोठ्या अक्षरांत पाटी असते, ‘शून्य कमिशन’. ती पाटी खोटी नसते, हे लक्षात घ्या. कमिशन खरोखरच शून्य असतं. सोनाराकडे ‘मजुरी माफ’ लिहिलेलं असतं तेव्हा तुम्ही काय करता? आपल्या बायका लगेच विचारतात, ‘मग आजचा ग्रॅमचा भाव काय लावला?’ सोन्याच्या बाबतीत जी सावध नजर आपल्याकडे आहे ती डॉलरच्या बाबतीत कुठे जाते कोण जाणे. काउंटरवर गेल्यावर रेट विचारूच नका. सरळ विचारा, ‘मला १,००० डॉलर हवेत. सगळं धरून, जीएसटी धरून, मी तुम्हाला एकूण किती रुपये द्यायचे?’ तो जो आकडा सांगेल त्याला १,००० ने भागा आणि त्या दिवशीच्या मधल्या भावाशी ताडून बघा. मध्ये जेवढा फरक आहे तेवढा तुमचा बट्टा. एक टक्क्याच्या आत असेल तर छान. दोन टक्के असेल तर घासाघीस करा. चारच्या पुढे असेल तर नमस्कार करून बाहेर पडा. जीएसटीची धास्ती घेऊ नका, तो पूर्ण रकमेवर नसतो. ८५,७०० रुपयांच्या व्यवहारावर तो दीडशे रुपयांच्या आसपास येतो.

मधला भाव कुठे मिळेल? कामकाजाच्या दिवशी एफबीआयएल ही संस्था संदर्भ दर जाहीर करते. तो वर्तमानपत्रात येतो, मोबाइलवरही दिसतो. बँकाही रोज सकाळी आपल्या दरांची यादी काढतात. त्या यादीत एकाच डॉलरला चार-पाच भाव दिसतील आणि तुम्ही गोंधळाल. टीटी म्हणजे खात्यातून खात्यात पाठवायचा भाव. करन्सी म्हणजे नोटांचा भाव. नोटांचा भाव नेहमीच महाग, कारण नोट ही वस्तू आहे. ती विमानाने आणावी लागते, तिचा विमा उतरावा लागतो, तिजोरीत ठेवावी लागते, आणि ती तिजोरीत पडून असते तोवर त्यावर व्याज मिळत नाही. हे कळलं की पुढचं आपोआप कळतं. जी नोट आपल्याकडे कमी खपते ती जास्त महाग. डॉलर, युरो, पौंड, दिऱ्हाम यांना गिऱ्हाईक आहे, म्हणून त्यांचा बट्टा कमी. थायलंडचा बाट, व्हिएतनामचा डोंग, इंडोनेशियाचा रुपिया इथे घ्यायला गेलात तर दुकानदार आपली जोखीम धरून भाव लावणार.

त्यामुळे बँकॉकला जाताना इथून डॉलर न्यावेत आणि तिथे बाट घ्यावेत हे बहुतेक वेळा स्वस्त पडतं, जरी त्यात दोनदा बदल होत असला तरी. तिथे एक गंमत आहे. १०० डॉलरच्या नोटेला जास्त भाव मिळतो, १० आणि २० च्या नोटांना कमी. बोर्डावर तसे वेगळे भावच लिहिलेले असतात. आणि विमानतळ म्हणजे लूट हा नियम तिथे अर्धाच खरा आहे. सुवर्णभूमी विमानतळावर सामान घेऊन बाहेर पडल्या पडल्या दिसणारे काउंटर महाग, पण जिना उतरून तळघरात रेल्वे स्टेशनपाशी गेलात तर तिथल्या छोट्या काउंटरवर शहरासारखा भाव मिळतो. सिंगापूरला लिटल इंडियात मुस्तफा सेंटरजवळ किंवा रॅफल्स प्लेसला आर्केडमध्ये मनी चेंजर एकमेकांना चिकटून बसलेले आहेत. स्पर्धा असली की बट्टा कमी. आपल्या मंडईतला भाजीचा भाव आणि कोपऱ्यावरच्या एकट्या गाडीवरचा भाव, तसंच.

दुबईचा दिऱ्हाम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. त्यामुळे तिथे डॉलर नेले तरी भावाची अनिश्चितता नाही, फक्त बदलणाऱ्याचा बट्टा बघायचा. नेपाळला तर कटकटच नाही. १९९३ पासून आपल्या १०० रुपयांना त्यांचे १६० ठरलेले आहेत. भूतानचा नोंग्त्रुम आपल्या रुपयाच्या बरोबरीचा. तिथे जाताना कोणी ‘खास रेट’ देतो म्हणाला तर त्याला हात जोडा.

युरोपच्या टूरला जाणाऱ्यांनी एक यादी करावी. युरोप म्हणजे सगळीकडे युरो नव्हे. स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक, झेकमध्ये कोरुना, हंगेरीत फोरिंट. क्रोएशियाने २०२३ पासून युरो घेतला. स्वित्झर्लंडमध्ये दुकानदार तुमचा युरो घेतो, नाही म्हणत नाही, पण भाव त्याचा, आणि सुटे पैसे फ्रँकमध्ये परत येतात. ते पुढच्या गावाला उपयोगाचे नाहीत. एका दिवसाच्या थांब्यासाठी तिथे कार्डच वापरलेलं बरं. प्राग शहर सुंदर आहे, पण जुन्या चौकातल्या मनी चेंजरांची कीर्ती फार वाईट होती. इतकी, की सरकारला कायदा करावा लागला. १ एप्रिल २०१९ पासून तिथे १,००० युरोपर्यंतचा रोख व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. पावती मात्र हवी. असा कायदा आपल्याकडे नाही, म्हणून आपण आधीच शहाणं असलेलं बरं.

आता कार्डाकडे येतो. इथे पैसे जातात ते दिसतही नाहीत.

आपलं नेहमीचं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड परदेशात वापरलं की बँक वर ‘मार्कअप’ लावते. पुष्कळ कार्डांना तो साडेतीन टक्के असतो, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. लाखाच्या खर्चाला ४,१३० रुपये. काही कार्डांना हा मार्कअप दोन टक्के असतो, काहींना अजिबात नसतो. तुमच्या कार्डाला किती आहे ते निघण्याआधी बँकेला विचारा. आणि विचारायला जाल तेव्हा आणखी एक गोष्ट करा. नवी कार्डं परदेशासाठी बंद असतात, ती ॲपमधून सुरू करावी लागतात. रिझर्व्ह बँकेने २०२० पासून हे सुरक्षिततेसाठी केलं आहे. सुरू न करता गेलेले लोक तिथल्या हॉटेलच्या काउंटरवर रात्री दीड वाजता मुलाला फोन लावतात.

आता नीट ऐका, कारण आजच्या सगळ्या भाषणात मला एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर मी ही सांगितली असती. पॅरिसमध्ये तुम्ही जेवलात, १०० युरो बिल झालं. वेटरने मशीन पुढे केलं. त्यावर दोन पर्याय आले, युरोत द्यायचे की भारतीय रुपयांत? आणि रुपयांचा आकडाही लिहिलेला, समजा १०,६००. परक्या गावात आपला रुपया दिसल्यावर माणसाला माहेरचं कुत्रं भेटल्यासारखं होतं. आपण पटकन रुपयावर बोट ठेवतो. ठेवायचं नाही! युरोचा मधला भाव १०० धरला तर तुमचा खरा खर्च १०,००० आहे. युरोवर बोट ठेवलं असतं तर साडेतीन टक्केवाल्या कार्डालाही १०,४१३ लागले असते, आणि मार्कअप नसलेल्या कार्डाला १०,००० च्या आसपास. रुपयांत रूपांतर करणारा मधला माणूस स्वतःचा भाव लावतो आणि त्यातला वाटा दुकानदाराला मिळतो, म्हणून वेटर इतक्या गोड आवाजात विचारतो. वर, परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावर आपल्याकडच्या अनेक बँकाही वेगळा आकार लावतात. दोन्हीकडून कापलं जातं. एटीएममध्येही हाच प्रश्न फिरवून विचारतात. ‘रूपांतर स्वीकारता का?’ नाही म्हणा. व्यवहार रद्द होणार नाही, पैसे येतील. जिथे आहात तिथल्या चलनात, एवढं पाठ करा. मी माझ्या पत्नीच्या पर्समध्ये कार्डाला कागद चिकटवून ठेवला होता, ‘रुपये नको’. आमच्या ग्रुपमधल्या बाकीच्यांनी त्यावर वेगळाच अर्थ काढला, तो भाग सोडा.

एटीएमचं थोडक्यात सांगतो. तिथलं मशीन आपली फी घेतं, आपली बँक आपली घेते, वर मार्कअप. थायलंडमध्ये मशीनची फी एका वेळेला २२० बाट किंवा जास्त असते, मग तुम्ही ५०० काढा नाहीतर १०,०००. म्हणून थोडे थोडे काढू नका. आणि क्रेडिट कार्डावर रोख कधीच काढू नका, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच डॉलर किंवा युरो भरून ठेवायचं कार्ड, हे चांगलं साधन आहे, विशेषतः ज्यांना खर्च मोजून मापून करायचा आहे त्यांना. भरलं त्या दिवशीचा भाव पक्का होतो. पण तीन गोष्टी पाहा. ज्या देशात जाता त्याच चलनात भरा. डॉलर भरून युरोपात खर्च केलात तर प्रत्येक वेळी पुन्हा रूपांतराचा आकार लागतो, आणि तोही साडेतीन टक्क्यांच्या घरात असू शकतो. दुसरं, उरलेले पैसे परत घेताना बँकेचा खरेदीचा भाव मिळतो, म्हणून उगाच भरमसाट भरू नका. तिसरं, हॉटेल आणि भाड्याची गाडी यांची अनामत या कार्डावर टाकू नका. ती रक्कम अडकून पडते आणि सुटायला दिवस लागतात. अनामतीला क्रेडिट कार्ड.

आपला यूपीआयही आता बाहेर पोहोचला आहे. भूतान, नेपाळ, सिंगापूर, संयुक्त अरब अमिरात, मॉरिशस, श्रीलंका, आणि पॅरिसला आयफेल टॉवरच्या तिकिटालाही. सोयीचा आहे, पण बँक कुठला भाव लावते ते पहिल्या छोट्या व्यवहारात बघा आणि मग पुढचं ठरवा.

इथे जे आई-वडील मुलांना शिकायला पाठवणार आहेत त्यांच्यासाठी थोडं सविस्तर बोलतो, कारण त्यांच्या बाबतीत रक्कम मोठी असते आणि बहुतेक वेळा ती कर्जाची असते. जर्मनीला जाणाऱ्या मुलाला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात. बँकेने युरोमागे एक रुपया जास्त लावला तर ११,९०४ रुपये गेले. दोन लावले तर २३,८०८. आणि इतका फरक बँकाबँकांत सर्रास असतो. बँकेच्या फलकावरचा टीटीचा भाव हा काही देवाने सांगितलेला नाही. मी स्वतः खुर्चीच्या त्या बाजूला बसलो आहे, म्हणून सांगतो. रक्कम पाच हजार डॉलरच्या वर असली आणि ग्राहकाने ‘साहेब, ट्रेझरीकडून चांगला भाव मागवा’ म्हटलं, की शाखेतून फोन जातो आणि बहुतेक वेळा भाव सुधारतो. न मागणाऱ्याला फलकावरचा भाव लागतो. ही गोष्ट मला नोकरीत असतानाही खटकायची. ज्याला माहिती होती तो कारखानदार घासाघीस करून पैसे वाचवायचा, आणि मुलीचं मंगळसूत्र मोडून फी भरायला आलेला बाप मुकाट्याने फॉर्मवर सही करायचा. क्लिअरिंग कॉर्पोरेशनने २०१९ मध्ये एफएक्स-रिटेल नावाची सोय सुरू केली, ती याच कारणासाठी. छोट्या ग्राहकालाही बाजारातला डॉलरचा भाव दिसावा आणि बँकेचा नफा वेगळा लिहिलेला असावा. आपल्या बँकेकडे तिच्याबद्दल विचारा. विचारल्याने कोणी खात्यातून काढून टाकत नाही.

पैसे पाठवताना फॉर्मवर मधल्या बँकांचा खर्च कोणी सोसायचा असं एक खातं असतं. त्यात ‘अवर’ निवडा, म्हणजे सगळा खर्च आपण इथेच देतो. नाहीतर वाटेतली बँक आपला खर्च कापून घेते आणि पोचतात ते कमी पोचतात. माझ्या ओळखीच्या एका मुलाचे असेच १५ युरो कमी पोचले. पंधरा! त्या पंधरा युरोंसाठी पुन्हा पाठवणी, पुन्हा फी, आणि व्हिसाची तारीख पुढे. घरात चार दिवस चूल नीट पेटली नाही. टीसीएसचं म्हणाल तर एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत पाठवलेल्या पैशावर तो नाही, आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवरही नाही. कापला गेलाच तर तो खर्च नव्हे, विवरणपत्रात वळता होतो. टूर पॅकेजचे नियम वेगळे आहेत आणि बजेटमध्ये बदलतात, तेव्हा पैसे भरतानाच विचारून घ्या.

नियम थोडे सांगतो आणि पुढे जातो. एका प्रवासाला नोटांच्या रूपात साधारण ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, बाकीचे कार्डावर. डॉलर घेताना रोख रुपये ५०,००० पर्यंतच, पुढे चेक किंवा खात्यातून. आपले रुपये बरोबर २५,००० पर्यंत ठेवा, परत आल्यावर रिक्षाला लागतातच. आल्यावर उरलेलं चलन १८० दिवसांत परत करायचं, फक्त २,००० डॉलरपर्यंत पुढच्या प्रवासाला ठेवता येतं.

आणि आता जरा नाजूक विषय. आपल्या लिफ्टमध्ये चालणारं परकीय चलनाचं खातं. ‘काका, तुमच्याकडे उरलेले दोनशे डॉलर आहेत ना, मला द्या, मी तुम्हाला मधल्या भावाने रुपये देतो.’ दोघांचाही बट्टा वाचतो, हिशोब अगदी बरोबर. पण कायद्याने असा व्यवहार फक्त परवानाधारकाशीच करता येतो. शेजारी कितीही चांगला असला तरी तो परवानाधारक नाही. तसंच, ‘बिल नको तर अजून पन्नास पैसे कमी करतो’ म्हणणारा दुकानदार. नोट खोटी निघाली तर तुम्ही कोणाकडे जाणार? विमानतळावर कस्टमने विचारलं तर काय दाखवणार? पन्नास पैशांनी १,००० डॉलरला ५०० रुपये वाचतात. पावतीचा तेवढा विमा मला महाग वाटत नाही. नोटा घेताना तिथेच उजेडात बघून घ्या. चुरगळलेली, शाई लागलेली, टाचणीचं भोक पडलेली डॉलरची नोट बाहेर कोणी घेत नाही. आणि कपाटात जुने पौंड असतील तर बघा, २० आणि ५० च्या कागदी नोटा सप्टेंबर २०२२ अखेर बंद झाल्या. आता त्या बँक ऑफ इंग्लंडच बदलून देते.

बी विंगमधल्या एका काकूंनी मला मागे विचारलं होतं, ‘मुलाकडेच तर चालले आहे, मला कशाला हवेत डॉलर?’ मी त्यांना म्हटलं, तीनशे तरी न्या. परत आल्यावर त्या सांगत होत्या. सुनेच्या डोहाळजेवणाला त्यांनी स्वतःच्या पैशाने फुलं आणली, मंदिरात गेल्यावर पेटीत स्वतःच्या हाताने टाकले, शेजारच्या छोट्या मुलीला खाऊ आणला. मुलाने कधी नाही म्हटलं नसतं. पण दर वेळी ‘अरे, जरा पाच डॉलर दे’ म्हणायचं, आणि ते बाईने, जिने आयुष्यभर घर चालवलं तिने म्हणायचं, हे सोपं नसतं. त्यांनी तीन ठिकाणी फोन करून भाव काढला होता, आणि मला पावती दाखवायला घेऊन आल्या होत्या. ८० पैशांच्या बट्ट्यात त्यांनी डॉलर मिळवले होते. मी बँकेत असतो तर त्यांना माझ्या विभागात घेतलं असतं.

तर आता, डॉलर वर जाणार की खाली? मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे असं वाटतं त्यांच्याबरोबर मी बरीच वर्षं काम केलं आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ च्या पुढे गेला तेव्हा आता ७५ होणार म्हणून लोकांनी धावत येऊन घेतले. ऑक्टोबरात तो ६२ च्या खाली होता. बाजाराचा भाव आपल्या हातात नाही, बट्टा आहे. प्रवास ठरला की लागणारी रक्कम दोन-तीन हप्त्यांत घ्या, म्हणजे ना फार पश्चात्ताप ना फार आनंद. कामकाजाच्या दिवशी, दुपारच्या आत घ्या. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो आणि चेंजर आपली जोखीम धरून भाव वाढवून ठेवतो. आणि अगदीच वेळ नसेल, विमानतळावरच घ्यायचे असतील, तर निदान आदल्या दिवशी ऑनलाइन बुक करून जा. त्याच काउंटरवर पुष्कळदा कमी भाव मिळतो.

भाषणानंतर प्रश्न बरेच आले, त्यातला एक शाळकरी मुलाचा होता. उरलेल्या नाण्यांचं काय करायचं? तर नाणी कोणताच मनी चेंजर घेत नाही. परतीच्या विमानतळावर चहा-पाण्याला द्या, किंवा दुकानात ‘एवढी नाणी घ्या, बाकीचं कार्डावर’ असं सांगा, बहुतेक दुकानदार ऐकतात. तरी उरलीच तर घरी आणा. नोटांना मर्यादा आहे, नाण्यांना नाही. कितीही ठेवा, किती वर्षंही ठेवा. माझ्याकडे बिस्किटाचा एक डबा भरलेला आहे. ए विंग, तिसरा मजला, संध्याकाळी पाचनंतर. बघायला या, मागायला नको.